मर्यादवेल आणि मोटारीचे चाक : पालघरच्या पुळणीवरचा एक पाठ

पालघर जिल्ह्याचा समुद्रकिनारा आपल्या परिवारातील बहुतेकांच्या परिचयाचा आहे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी कुटुंबे सुटीच्या दिवशी नांदगाव, आलेवाडी, चिंचणी किंवा केळवे येथे जातात. शाळांच्या सहली येतात, मंडळांची शिबिरे भरतात. अलीकडच्या काळात या सहलींत दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. एक, तंबू ठोकून किनाऱ्यावरच रात्र काढणे. आणि दुसरी, गाडी रस्त्यावर न ठेवता थेट वाळूत उतरवणे. कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर जाड टायरांच्या चार चाकी मोटारसायकलीही भाड्याने मिळू लागल्या आहेत.

या दोन्ही हौशींना बहुधा एकच जागा हवी असते. भरतीच्या रेषेच्या वर आणि सुरूच्या झाडांच्या अलीकडे वाळूचा जो उंचवटा असतो, तोच तंबूवाल्याला मऊ व कोरडा वाटतो आणि तोच गाडीवाल्याला चढाईसाठी आकर्षक वाटतो. तेथे घर नाही, शेत नाही, कुंपण नाही. म्हणून ती मोकळी जागा आहे, असा आपला समज होतो. हा समज किती चुकीचा आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

किनाऱ्याचे पाच पट्टे

ओहोटीच्या वेळी पाण्याच्या कडेपासून गावाच्या दिशेने चालत निघालो, तर वाळूच्या किनाऱ्यावर साधारणपणे पाच पट्टे ओळखता येतात. पहिला पट्टा ओल्या, घट्ट वाळूचा. दिवसातून दोनदा तो पाण्याखाली जातो. दुसरा पट्टा भरतीच्या रेघेचा. वाळलेले शेवाळ, शिंपले, काटक्या आणि दुर्दैवाने आता प्लॅस्टिकही या रेघेवर साचलेले दिसते. तिसरा पट्टा वाळूच्या टेकाडांचा, चौथा सुरूच्या झाडांचा आणि पाचवा वाड्यांचा व वस्तीचा.

आपल्या किनाऱ्यावरची टेकाडे राजस्थानच्या वाळवंटातील टेकड्यांसारखी भव्य नसतात. कोठे ती गुडघाभर उंच असतात, कोठे पुरुषभर. रुंदीही बेताचीच असते. अनेक ठिकाणी रस्ते, बंधारे आणि बांधकामे यांमुळे ती शिल्लकही राहिलेली नाहीत. जेथे ती आहेत, तेथे ती सहज नजरेतून सुटतात. परंतु पाच पट्ट्यांपैकी गावाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पट्टा हाच आहे.

टेकाड वाढते कसे?

पावसाळा संपला की किनाऱ्यावरची वरची वाळू सुकते. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. कोरडे कण या वाऱ्याबरोबर लहान लहान उड्या घेत पुढे सरकतात. उडी मारणारा कण खाली पडतो, तेव्हा तो दुसऱ्या कणाला धक्का देऊन उडवतो आणि अशा रीतीने वाळूची एक झुळूक जमिनीलगत वाहत राहते. वाटेत अडथळा आला, की वाऱ्याचा वेग मंदावतो आणि कण तेथेच थांबतात. भरतीच्या रेघेवरची एखादी काटकी किंवा शेवाळाचा पुंजका हा असा पहिला अडथळा असतो. टेकाडाचा जन्म तेथे होतो.

मात्र काटकीमुळे जन्मलेले टेकाड काटकीएवढेच राहते. त्याला वाढवते ती वनस्पती. आपल्या किनाऱ्यावर हे काम प्रामुख्याने मर्यादवेल करते. बकरीच्या खुराच्या आकाराची दुभंगलेली जाडसर पाने आणि जांभळट गुलाबी, घंटेसारखी फुले यांवरून ती कोणालाही ओळखता येते. ही वेल वाळूवर लांबच लांब पसरते आणि तिच्या पेरापेरांतून मुळे फुटतात. वाळू अंगावर साचली, तर ती गुदमरून मरत नाही. वाळूच्या वर नवा फुटवा काढते आणि पुन्हा पसरते. पुन्हा वाळू अडते, पुन्हा वेल वर येते. वाळू आणि वेल यांच्या या चढाओढीतून टेकाड उंच होत जाते.

समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे वाढणारी, ती मर्यादवेल. आपल्या पूर्वजांनी दिलेल्या या एका नावात किनाऱ्याचे शास्त्र सामावलेले आहे. वेलीच्या पलीकडे समुद्राचा अधिकार आणि अलीकडे माणसाचा. म्हणूनच ही सीमारेषा तुडवण्याची जागा नव्हे.

टेकाड कोणते काम करते?

टेकाडाचे पहिले काम ठेवीचे. जबाबदार कुटुंब अडीअडचणीसाठी पैसे बाजूला ठेवते, त्याप्रमाणे किनारा टेकाडात वाळू बाजूला ठेवतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उंच लाटा टेकाडाच्या पायथ्याशी पोचतात आणि तेथील वाळू ओढून नेतात. ही वाळू नाहीशी होत नाही. तिचा मोठा भाग किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली दांड्याच्या रूपाने साचतो. मागून येणाऱ्या लाटा या दांड्यावर फुटतात आणि त्यांचा जोर किनाऱ्यावर पोचण्यापूर्वीच कमी होतो. पावसाळा सरल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात, खारे वारे ती वर चढवतात आणि मर्यादवेल ती अडवून ठेवते. काढलेली ठेव पुन्हा भरली जाते. ठेवच नसेल, तर लाटा वाळूऐवजी सुरूची मुळे, वाडीची माती आणि अखेरीस घराचा पाया ओढू लागतात. सातपाटीसारख्या मच्छीमार गावात उधाणाचे पाणी वस्तीत शिरते आणि किनाऱ्यावर दगडी बंधारे घालावे लागतात, हे आपण पाहत आलो आहोत. बंधारा बांधायला आणि राखायला सार्वजनिक पैसा लागतो. टेकाड आपली डागडुजी स्वतःच करते.

दुसरे काम गोड्या पाण्याचे. पावसाचे पाणी वाळूत झिरपते आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी वजनाने हलके असते. या दोन पाण्यांचा हिशेब बादोन गायबेन या डच अभियंत्याने १८८८ मध्ये आणि हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. त्यांच्या नियमानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकू शकते. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा. वरची पातळी थोडी जरी खाली गेली, तरी खालून खारे पाणी कितीतरी अधिक वर सरकते. हॉलंडमधील अॅमस्टरडॅम शहराला १८५३ पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतून पिण्याचे पाणी मिळू लागले, ते याच निसर्गनियमामुळे. आपल्याकडे केळवे-माहीमच्या वाड्या नागवेलीच्या पानांसाठी प्रसिद्ध आहेत. पानवेल खारे पाणी सहन करीत नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्यावरची बागायत उभी राहते, तिच्यामागे जमिनीत साठलेला हा पाऊस असतो.

येथे सुरूविषयीही एक खुलासा करणे आवश्यक आहे. सुरूची झाडे वारा अडवतात, सावली देतात आणि किनाऱ्याची शोभाही वाढवतात. परंतु सुरू हा मूळचा आपल्याकडचा वृक्ष नाही. आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा हा वृक्ष आपल्या किनाऱ्यांवर मुद्दाम लावण्यात आला. त्याच्या गळलेल्या काड्यांच्या जाड थराखाली लहान वनस्पती फारशा वाढत नाहीत. पुढची वाळू वाहून गेली, की त्याची मुळे उघडी पडतात आणि झाड आडवे होते. सुरू टेकाडाच्या मागे शोभतो. तो टेकाडाची जागा घेऊ शकत नाही.

चाक काय करते?

वाळूत उतरणाऱ्या गाडीचा चालक टायरांतील हवा कमी करतो, म्हणजे वजन पसरते आणि चाक रुतत नाही. त्यामुळे गाडी पुढे जाते हे खरे; पण वाळूवरचा ताण संपत नाही. फिरणारे चाक वाळू केवळ दाबत नाही, ती मागे फेकते. उतारावर प्रत्येक फेरीत थोडी वाळू खाली ढकलली जाते. पायाखाली न तुटणारी मर्यादवेलीची लांब वेल चाकाखाली चिरडते. तिची पेरे तुटली, की पुढचा भाग सुकू शकतो. भरतीच्या रेघेजवळची वाळू गाडीला सोयीची वाटते. परंतु नव्या टेकाडांचा जन्म तेथेच होत असतो. अशा रीतीने चाक जुने टेकाड खचवते आणि नवे जन्मू देत नाही.

एका गाडीने काय बिघडणार, असा प्रश्न विचारला जातो. बिघडते ते असे. पहिल्या गाडीची चाकोरी दुसरीला वाट दाखवते. वाट पडली की वेल नाहीशी होते. वेल गेली की वारा त्या फटीत घुसतो, वाळू उडवून नेतो आणि फट रुंद होत जाते. मोठ्या उधाणाच्या वेळी पाणी नेमके त्याच खिंडीतून आत शिरते. बांध एका जागी फुटला, की उरलेल्या बांधाचा उपयोग राहत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

टेकाडावर आणि त्याच्यापुढच्या वाळूत जीवसृष्टीही आहे. फिकट रंगाचे चपळ खेकडे वाळूत बिळे करून राहतात आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर येतात. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी या खेकड्यांवर केलेल्या प्रयोगांत उथळ बिळांतील खेकडे चाकाखाली मेले, तर सुमारे ३० सेंटीमीटर किंवा त्याहून खोल असलेले वाचले. रात्री मात्र ते पृष्ठभागावर असल्याने रात्रीची वाहतूक त्यांच्यासाठी अधिक घातक ठरते. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे गाव त्यांच्या संवर्धनासाठी प्रसिद्ध झाले. आपल्या जिल्ह्यात डहाणू येथे जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. अंड्यातून बाहेर पडलेले इवलेसे पिल्लू समुद्राकडे धावते, तेव्हा चाकोरीची दोन बाजूंची भिंत त्याला ओलांडता येत नाही. ते चाकोरीतच पुढे जात राहते आणि पक्ष्यांच्या, कुत्र्यांच्या तोंडी पडते किंवा उन्हाने सुकते.

याखेरीज माणसाचाही विचार करावा लागेल. कोळी भगिनी किनाऱ्यावर मासळी सुकत घालतात, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, जाळी पसरलेली असतात. हौशी गाडीला जी जागा रिकामी दिसते, ती कोणाची तरी कामाची जागा असते.

इतर देशांचा अनुभव

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात सुमारे ६४ किलोमीटर लांब पसरलेल्या किनारी वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांतील काही सुमारे १५० मीटर उंचीच्या आहेत. १९७२ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र म्हणून घोषित झाला. तेथे काही भाग गाड्यांसाठी खुले आहेत व काही पूर्णपणे बंद. गाडीवर उंच काठीला लाल किंवा केशरी निशाण लावण्याचा नियम आहे. त्याचे कारण शिकण्यासारखे आहे. टेकडी चढणाऱ्या चालकाला शिखराच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. पलीकडून दुसरी गाडी येत असेल, कोणी चालत असेल किंवा आडोशाला तंबू असेल, तर ते शेवटच्या क्षणी कळते. निशाण दुसऱ्या गाडीचे असेल तर दिसते. झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर निशाण नसते.

दक्षिण आफ्रिकेने वेगळा मार्ग स्वीकारला. डिसेंबर २००१ मध्ये त्या देशाने किनारपट्टीवर मनोरंजनासाठी गाड्या चालवण्यास नियम करून बंदी घातली आणि आवश्यक कामांसाठी परवान्याची सोय ठेवली. हौस आणि गरज यांत केलेला हा भेद आपल्यालाही उपयोगी आहे. होडी ओढणारा किंवा मासळी वाहणारा मच्छीमार ठरलेल्या वाटेने जातो आणि तो किनाऱ्याचाच माणूस असतो. त्याची तुलना टेकाडावर चढाईची मौज घेणाऱ्याशी करता येणार नाही.

ओरेगॉनचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल की आपणही किनाऱ्याचा एक भाग गाड्यांना द्यावा. परंतु तेथे मैलोन्‌मैल टेकड्या आहेत; आपल्याकडे एकच ओळ आहे. ज्याच्या घराला चार भिंती आहेत त्याने एका भिंतीवर खेळ करणे वेगळे आणि ज्याच्याकडे एकच भिंत आहे त्याने ती पणाला लावणे वेगळे.

कायदा काय सांगतो?

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना काढली. त्यानंतर २०११ मध्ये आणि १८ जानेवारी २०१९ रोजी नव्या अधिसूचना निघाल्या. २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांना खारफुटी, प्रवाळ आणि कासवांच्या विणीच्या जागा यांच्या बरोबरीने सर्वाधिक संवेदनशील गटात स्थान दिले आहे. सक्रिय वाळूच्या टेकड्या सपाट करणे किंवा त्यांचे रूप बदलणे निषिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले कासवाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तंबूसाठी फावड्याने टेकाड सपाट करणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

तंबू कोठे ठोकावा?

मग किनाऱ्यावर शिबिर भरवूच नये काय? अवश्य भरवावे. ज्या मुलाने चांदण्यात समुद्र ऐकला, तो समुद्राचा शत्रू होत नाही. फक्त जागा योग्य हवी. ती जागा म्हणजे टेकाडाच्या मागे, सुरूच्याही पलीकडे, गावातील एखादी वाडी किंवा अंगण. मालकाची परवानगी घ्यावी आणि योग्य मोबदला द्यावा. तेथे विहीर असते, स्वच्छतागृह असते आणि अडचणीत हाक मारायला माणूस असतो. गाड्या भाड्याने देऊन गावातील तरुण चार पैसे मिळवतात, ही बाजूही नाकारता येत नाही. परंतु तेच उत्पन्न वाडीतील मुक्काम, घरचे जेवण आणि किनारा दाखवणारा वाटाड्या यांतून मिळू शकते, आणि त्यात किनारा झिजत नाही.

टेकाडाच्या पुढे, म्हणजे समुद्राच्या बाजूला, तंबू कधीही ठोकू नये. भरतीची वेळ ठाऊक असणे ही पहिली शिस्त आहे. कोकणात यासाठी एक जुना ठोकताळा सांगितला जातो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते व पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व ती कमी चढते. ठोकताळ्यावर सर्वस्वी विसंबू नये, वेळापत्रक पाहावे आणि गावातील कोळीबांधवांना विचारावे. वाळूत रुतलेल्या गाडीला भरतीने गाठल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्या मुळाशी बहुधा हे अज्ञान असते.

गाडी पक्क्या रस्त्यावरच थांबवावी. जेथे चाकोऱ्या दिसतात, तेथे दिवसाही मुले बसवू नयेत. रात्री तर मुळीच नाही. समुद्राकडे जाताना सर्वांनी एकाच रुळलेल्या पायवाटेने एका ओळीत जावे. शंभर मुले शंभर वाटांनी टेकाड ओलांडू लागली, तर वेलीचे नुकसान चाकाएवढेच होईल. सुरूच्या वाळलेल्या काड्या चटकन पेट घेतात, म्हणून त्यांच्याखाली चूल मांडू नये. निखारे वाळूने झाकू नयेत. झाकलेला निखारा दिसत नाही पण बराच वेळ धगधगत राहतो आणि अनवाणी पाय भाजतो. ते पाण्यानेच विझवावेत. भरतीच्या रेघेवरचे प्लॅस्टिक जरूर वेचावे. मात्र शेवाळ आणि काटक्या तेथेच राहू द्याव्यात, कारण उद्याचे टेकाड त्यांतूनच जन्मणार आहे.

पुळणीवर चाकोरी उमटवणारा माणूस संध्याकाळी घरी परततो. ज्यांची विहीर खारट होते, ज्यांच्या अंगणात उधाण येते, ती माणसे तेथेच राहतात. आपल्या सुखाची किंमत दुसऱ्याच्या खात्यात लिहू नये, हा संस्कार शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने पुळणीवरही पाळावा.

अभ्यासासाठी

१. आपल्या जवळच्या किनाऱ्यावर पाचही पट्टे आढळतात का? नसतील तर कोणता नाहीसा झाला आहे आणि त्याच्या जागी काय आले आहे?

२. एखादे पक्के झाड किंवा विजेचा खांब खूण म्हणून धरावा. तेथून मर्यादवेलीच्या समुद्राकडील टोकापर्यंतचे अंतर मे महिन्यात आणि पुन्हा नोव्हेंबरात मोजावे. असे पाच वर्षे करून आकडे वहीत जपावेत.

३. गावातील वयोवृद्धांना विचारावे : त्यांच्या लहानपणी किनारा कोठे होता? कोणती विहीर गोडी होती आणि आता तिचे पाणी कसे आहे?